दाताखालचा दाणा

आपल्या जिवाभावाची गोष्ट शाबूत आहे की नाही, हे माणसाला ताबडतोब कळायला हवे असते. तान्हे मूल जरा जास्त वेळ शांत झोपले की आई त्याच्या नाकाशी बोट धरून पाहते. अंगणात मूठभर मेथी पेरणारी पोर दुसऱ्याच दिवशी माती उकरून कोंब शोधू लागते. घरात कोणी तापाने फणफणले असेल, तर दर दहा मिनिटांनी कोणाचा ना कोणाचा हात त्याच्या कपाळावर जातो, आणि ज्याला खरोखर झोपेची गरज असते त्याची झोप तेवढी मोडते. या घाईला आपण माया म्हणतो. ती माया असतेही. परंतु मायेने केलेली प्रत्येक गोष्ट मानवतेच असे नाही. उकरलेला कोंब मरतो. आणि अलीकडे माझ्या असे ध्यानात आले आहे, की पाण्यात पडलेला मोबाईल फोन पुष्कळदा पाण्याने मरत नाही. तो आपल्या मायेनेच मरतो.

कोणी म्हणेल, दिवाळी अंकात लिहायला हा काय विषय झाला! विषय खरोखरच लहान आहे; तो खिशात मावतो. पण ज्या वस्तूत आज घरातले फोटो, बँकेचा व्यवहार, शेताच्या पीकपाहणीची नोंद आणि चार गावांतले नातेवाईक एकत्र नांदतात, ती वस्तू बुडाली म्हणजे नेमके काय बुडते, हा प्रश्न काही लहान नाही.

पाण्यातून काढलेला फोन हातात आला, की आपण पहिल्याने त्याचे बटण दाबतो. पडदा उजळला तर हुश्श करतो. न उजळला तर पुन्हा दाबतो. तरीही न उजळला तर त्याला चार्जिंगला लावतो. मूर्च्छित माणसाच्या तोंडात पाणी ओतण्यासारखाच हा प्रकार. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु ओढ्याचे, नदीचे, किंबहुना आपल्या नळाचेसुद्धा पाणी शुद्ध कुठे असते? त्यात क्षार विरघळलेले असतात, आणि पुराच्या पाण्यात तर गाळही. फोनच्या पोटात केसासारख्या बारीक तांब्याच्या वाटा असतात. त्या वाटांवर असे पाणी बसले आणि बॅटरीतून वीज धावू लागली, म्हणजे वीज भलत्याच वाटेने जाते. एवढेच नव्हे, तर ती त्या पाण्याच्या साह्याने एका ठिकाणचे तांबे उचलते आणि दुसरीकडे नेऊन टाकते. दागिन्यावर मुलामा चढवताना कारागीर विजेकडून जे काम करून घेतो, तेच काम ती येथे कोणी न सांगता करते, आणि त्यात घर सजण्याऐवजी मोडते. म्हणजे शत्रू नुसते पाणी नव्हे, आणि नुसती वीजही नव्हे. दोघांची भेट हा शत्रू. ती भेट घडवून आणणारे बोट मात्र आपले असते.

मी ज्या सोनारी गावात राहतो, ते परंडा तालुक्यातले. काळभैरवनाथाचे देऊळ, चैत्रातली यात्रा आणि माकडे, या तीन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे. यात्रा वर्षातून एकदा येते. माकडे बारा महिने आमच्या पत्र्यावर असतात. एखादी अनोळखी वस्तू हाती लागली की माकड काय करते, हे मी अनेकदा निवांत पाहिले आहे. ते ती वस्तू उलटीसुलटी करते, कानाशी नेते, दाताने चावते, दगडावर आपटते, आणि काहीच घडले नाही की रागाने भिरकावून देते. भिजलेला फोन हातात घेऊन बसलेला माणूस मला अगदी त्याच क्रमाने वागताना दिसतो. तो फोन झटकतो, त्यात फुंकर मारतो, बटणे दाबतो, तळहातावर आपटतो. फरक इतकाच, की माकडाचे त्या वस्तूत काही अडकलेले नसते.

२०२५ च्या सप्टेंबरात मात्र आमच्या भागातल्या पुष्कळांचे पुष्कळ काही अडकले. आमचा मुलूख पावसाची वाट पाहणारा. त्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास तो पाऊस असा आला, की परंडा आणि भूम तालुक्यांतल्या वस्त्यांवरची माणसे हेलिकॉप्टरने उचलून आणावी लागली. सीना-कोळेगाव धरणाचे दरवाजे उघडले होते, आणि एरवी जिच्या कोरड्या पात्रातून आम्ही पायी जातो ती सीना शेतातून वाहत होती. माझी एक मावसबहीण सीनाकाठच्या वस्तीवर दिलेली आहे. ती आणि तिचा मुलगा दोन दिवसांनी सोनारीला माझ्याकडे आली, ती अंगावरच्या कपड्यांनिशी. रात्री पाणी गोठ्यात शिरले तेव्हा त्यांनी जनावरांची दावी कापून दिली होती. दोन जनावरे पाणी ओसरल्यावर आपल्या पायांनी परत आली. एक म्हैस आली नाही.

भाच्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन होता, आणि तो स्वतः छातीएवढ्या पाण्यातून आला होता. घरात पाऊल टाकताच त्याने फोन काढला आणि म्हणाला, "मामा, चार्जर द्या."

बहीण म्हणाली, "दादा, त्यात म्हशीचा फोटू हाय."

त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. पुरात दगावलेल्या दुभत्या मोठ्या जनावरामागे सरकारी मदतीचा दर त्या वेळी ३७,५०० रुपये होता. परंतु मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो. वाहून गेलेल्याचा कशाचा करायचा? दारात ना जनावर, ना त्याचा सांगाडा. गोठ्यात तुटके दावे आणि गाळ. म्हैस होती, ती आमचीच होती, हे सांगणारी एकच गोष्ट उरली होती. ती व्याली त्या दिवशी भाच्याने तिचे आणि रेडकाचे फोटो काढले होते, आणि तिच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला होता. बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेला कागद घरातल्या पेटीत होता, आणि पेटी पाण्यात होती. म्हैस नदीत, कागद पाण्यात, आणि तिच्या असण्याचा पुरावा या काळ्या पडलेल्या काचेच्या आत.

मग शेजारीपाजारी जमले, आणि सल्ल्यांचा दुसरा पूर आला. पहिला म्हणाला, उन्हात टाका. पण आभाळ तर भरलेले होते. दुसरीने चुलीच्या कडेला ठेवायला सांगितले. आमच्या शेतकरी आयुष्यात जे ओले झाले ते वाळवण्याचे हे दोनच देव. धान्य, कपडे, काडेपेटी, पापड, सगळे त्यांच्याच हवाली. पण फोन या घराण्यातला नव्हे. आच लागली म्हणजे त्याच्या काचा धरून ठेवणारा डिंक सुटतो, पडदा खराब होतो, आणि बॅटरी तर उष्णतेला फारच हळवी; भिजलेली बॅटरी तापली की फुगते, क्वचित पेटही घेते. भाच्याने स्वतःच्या समाधानासाठी एक वाक्य टाकले, "मामा, फोन वॉटरप्रूफ हाय." त्याच्या खोक्यावर आय.पी. ६७ असे लिहिले होते खरे. परंतु त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, एक मीटर खोलीवर, अर्धा तास नवा फोन तग धरतो. सीनेचे पाणी स्वच्छ नव्हते आणि फोन नवा नव्हता. कडेचे रबर आणि डिंक वर्षानुवर्षे झिजतात. फोन एकदा पडला की ते अधिकच ढिले होतात.

तिसरा सल्ला आला तांदळाचा. हा सल्ला आता जगभर फिरतो, आणि तो कोणाला सुचला असेल याची मला कल्पना करता येते. हॉटेलातल्या मिठाच्या डबीत तांदळाचे चार दाणे घातलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. पावसाळ्यात मीठ पाझरू नये म्हणून आपल्या आया तेच करत आल्या. पण डबीतल्या मिठाला हवेची ओल लागते. फोनच्या पोटात पाणी साचलेले असते. दाणा बाहेर बसून आतले पाणी ओढून घेईल, ही आशा थोडी फारच झाली. उलट तांदळाचा भुगा आणि पिठी फोनच्या भोकांत जाऊन बसते. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना स्पष्टच सांगितले, की भिजलेला फोन तांदळाच्या पिशवीत घालू नका. आमच्याकडे तर प्रश्न आणखी वेगळा होता. हा ज्वारीचा मुलूख. तांदूळ असतो तो सणासुदीपुरता. कोणीतरी लगेच ज्वारी सुचवली, आणि एक वाटी पुढेही आली.

शेवटी मी माझ्या फोनवरून बार्शीच्या एका ओळखीच्या कारागिराला विचारले. तो कमी बोलणारा माणूस. त्याने सांगितले त्यातल्या बहुतेक गोष्टी न करण्याच्या होत्या. चालू करू नका. चार्जिंगला लावू नका. झटकू नका, फुंकू नका. कोपऱ्यात असलेले पाणी त्याने आत जाते. शेकू नका. करण्याच्या गोष्टी थोड्याच होत्या. सिमचा कप्पा बाहेर काढा. फोन कोरड्या फडक्याने टिपा. चार्जिंगचे तोंड खाली येईल असा उभा करून वाऱ्यावर ठेवा. आणि रस्ता मोकळा होताच घेऊन या. वाट बघणे हा उपाय नव्हे, नुसता बचाव आहे. पूर्वीच्या फोनची पाठ नखाने उघडत असे, बॅटरी काढून ठेवली की निम्मे संकट टळत असे. आताच्या फोनची पाठ चिकटवलेली असते. त्याला नुसते निजू द्यायचे, एवढेच आपल्या हाती.

आणि त्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. सिम पुसून दुसऱ्या फोनात घाला. ते आम्ही केले, आणि दहा मिनिटांत पाच जणांचे फोन आले. पुराच्या दिवसांत सर्वांत मोठा जाच हाच होता. फोन बंद ठेवणे फोनच्या हिताचे, पण ज्याचा फोन बंद त्याचा जीव कसा आहे या काळजीने पुण्या-मुंबईतले नातेवाईक कासावीस. माणसाचा नंबर म्हणजे माणसाचा फोन नव्हे, हे त्या दिवशी प्रथम नीट कळले. नंबर तेवढा सिमबरोबर वेगळा काढता आला. म्हशीचा फोटो मात्र आतच राहिला.

दोन दिवस फोन कोनाड्यात उभा होता. भाचा येता-जाता त्याच्याकडे बघे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो हातात घेऊन चोहोबाजूंनी चाचपला आणि म्हणाला, "आता कोरडा ठाक झालाय. एकदा लावून बघू का?"

बहीण भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "वरनं वाळली म्हणून ज्वारी कणगीत टाकतूस का रं?" ती म्हणाली. "दाणा दाताखाली कट्कन् वाजल्याबिगर आत ओल न्हाई, असं कोण म्हणंल?"

एवढ्या सल्ल्यांत मला पटलेले पहिले वाक्य ते. वरून वाळणे आणि आतून वाळणे यांतला फरक शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. वर खडखडीत दिसणारे धान्य ओल धरून कणगीत गेले की आतल्या आत तापते, काळे पडते, आणि कणगी उघडली की कुबट वास येतो. म्हणून तो एक दाणा तोंडात टाकतो. फोनचा दाणा दाताखाली घेता येत नाही, एवढीच अडचण. पण ज्या दाराने आतली खबर मिळत नाही, ते दार ठोठावत बसू नये, हे तिला ठाऊक होते.

त्याच दिवशी दुपारी बार्शीचा रस्ता मोकळा झाला. कारागिराच्या टेबलावर फोन उघडला तेव्हा आमच्या शेतीतली आणखी एक गोष्ट मला आठवली. पाटाचे पाणी वर्षानुवर्षे साचून राहिलेल्या जमिनीवर पाणी आटल्यावर पांढरा थर दिसतो. पाणी निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि जमीन चोपण होते. फोनच्या पोटात, चार्जिंगच्या तोंडापाशी आणि पत्र्याच्या बारीक झाकणांखाली, तसाच पांढरा आणि हिरवट थर आला होता. म्हणजे फोन पूर्ण वाळला असता तरी भागले नसते. वाळलेला क्षार हवेतली ओल पुन्हा ओढतो, आणि तांब्याचे खाणे चालूच राहते. कारागिराने प्रथम बॅटरी सोडवली. मग पाण्याने बिघडलेल्या त्या पाटीला त्याने चक्क आंघोळ घातली. पाण्याने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ते क्षारांच्या आणि गाळाच्या सांदीत शिरते, कुंचल्याने घासले की घाण सोडवते, आणि मागे काही न ठेवता उडून जाते. नंतर पाटी एका लहानशा टबात गेली. तिथे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या कंपनांनी उरलासुरला गाळ निघतो.

भाच्याने विचारले, "फोटोची चिप तेवढी काढून दुसऱ्या फोनात बसवता येत न्हाई का?"

"येत नाही," कारागीर म्हणाला. "कुलूप तिथं हाय आणि किल्ली इथं." त्याने पाटीवरच्या दोन काळ्या चौकोनांवर चिमट्याचे टोक टेकवले. आताच्या फोनांत साठवलेले सारे गुप्त लिपीत असते, आणि ती उलगडणारी किल्ली मुख्य चिपमध्ये. चोरापासून रक्षण व्हावे म्हणून केलेली ही सोय. पुरात ती मालकालाही बाहेर ठेवते. साठा वाचवायचा तर सगळी पाटीच घटकाभर जिवंत केली पाहिजे.

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. कागदाच्या बाबतीत ते दोन्ही एकमेकांना धरून चालतात. पत्र अर्धे वाचले, तर अर्धे वाचता येते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लोरेन्स शहरात शिरला, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली असंख्य पुस्तके चिखलात गेली. देशोदेशींच्या तरुण मुलांनी रांगा लावून ती हातोहात बाहेर काढली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. पुस्तके तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत वाळवली, पानांत टीपकागद घातले, आणि दुरुस्तीचे काम पुढे कित्येक दशके चालले. पानापानाने वाचवता येत होते म्हणून ते चालू शकले. फोनला पाने नाहीत. तो जागा झाला तर सगळा वाचला. न झाला तर एक अक्षरही वाचता येत नाही.

कारागिराने बाहेरून मोजकी वीज दिली आणि तो काट्याकडे पाहत राहिला. पहिल्यांदा काटा भलताच चढला. त्याने वीज तोडली, एक झाकण उचलले, पुन्हा घासले. दुसऱ्यांदा काटा थोडा हलला, थांबला आणि सावकाश पुढे सरकला. जुना पडदा गेला होता. त्याने दुकानातला दुसरा जोडला. तो उजळला. भाच्याचा हात आपोआप पुढे गेला, आणि कारागिराने तो धरला. "आधी फोटो," तो म्हणाला. "हा आता वापरायचा न्हाई. किती वेळ जागा राहील सांगता येत न्हाई. यातलं काढून घ्यायचं."

एका फोटोत बिल्ल्याचे आठ आकडे दिसले, दुसऱ्यात कानाचे केस आडवे आले होते, तिसऱ्यात शेवटचे पाच स्पष्ट होते. तिन्ही मिळून बारा जुळले. भाच्याने ते मोठ्याने वाचले, मी कागदावर लिहून घेतले. बहीण आकड्यांकडे पाहतच नव्हती. तिने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "बघा, कशी बघतीया." अर्जाला ते फोटो जोडले गेले. अर्जाच्या कागदावर ती म्हैस बारा आकड्यांची होती. दुकानातल्या त्या पडद्यावर मात्र ती अजून रेडकाकडे वळून पाहत होती.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. श्रद्धा असेल त्याने ती तशीच घ्यावी. पण तिचा आणखी एक अर्थ जाणती माणसे सांगत आली आहेत. वह्या बुडाल्या तरी अभंग गावोगावच्या लोकांच्या तोंडी होते. नदीला सगळ्यांची तोंडे बुडवता आली नाहीत. जे एकाच ठिकाणी ठेवले ते पाण्याच्या मर्जीवर. जे चार ठिकाणी पोहोचले ते तरले.

भाच्याने नवा, साधा फोन घेतला आहे. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचा, त्याच्या कानातल्या बिल्ल्यासकट काढलेला फोटो तो आता चार नातेवाइकांना पाठवून ठेवतो, आणि त्या चारांत मी एक आहे. माझ्या फोनात सध्या माझ्या नातवंडांपेक्षा बहिणीच्या म्हशींचे फोटो जास्त आहेत. परवा एक रेडी झाली, तिचाही आला. बिल्ला मिळायला अजून अवकाश आहे, म्हणून खाली नुसते लिहिले होते, "मामा, हे सांभाळून ठेवा."

ठेवले आहे.